मे महिन्यातलं लहान कॅबिनेट: रेडिएटर, पंखे आणि खोलीतली हवा

काका म्हणून विचारलंस, तर घरातल्या मुलाला सांगावं तसंच सांगतो. आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुझ्याकडे कूलर मास्टरचं एनआर२०० कॅबिनेट आहे, १८.२५ लिटरचं. आत रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक कार्ड. तुझ्यासमोर तीन पर्याय आहेत: बाजूला २८०चा (म्हणजे १४० मिलिमीटरच्या दोन पंख्यांचा) पाण्याचा रेडिएटर, तळाला बारीक पंख्यांसकट २४०चा (१२०च्या दोन पंख्यांचा), नाहीतर साधा हवेचा कूलर. मित्राकडे लियान लीचं ए४-एच२ओ, ११ लिटरचं, वर २४०ची जागा असलेलं, आणि त्यात रायझन ९ ७९००एक्स. त्याला कोणता रेडिएटर, कोणते पंखे आणि ते कोणत्या दिशेने लावायचे, हे हवंय. दोघं पुण्यात ॲनिमेशन शिकता. एप्रिल ते जून मात्र मशीन जळगाव जिल्ह्यात रावेरला, वरच्या मजल्यावर स्लॅबखाली चालणार.

ही शेवटची ओळ तू जाता जाता लिहिलीस. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. जळगावात २२ वर्षं मशीन असेंबल करतोय आणि दुरुस्तही करतोय. पुण्या-बंगळुरूकडची माणसं सांगतात ते सल्ले आपल्याकडे मार्चपर्यंत चालतात, पुढे चालत नाहीत.

ओट्यावर एक माठ ठेव आणि शेजारी स्टीलचा तांब्या भरून ठेव. दुपारी तीनला माठातलं पाणी गार लागतं, तांब्यातलं कोमट. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून तो हवेपेक्षा गार होतो. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रातले मोठे मनोरे याच तत्त्वावर पाणी गार करतात. कॉम्प्युटरचा रेडिएटर मात्र तांब्या आहे. पाणी आत बंद, बाहेरून फक्त हवा लागते. २४० घे, ३६० घे, सहा पंखे लाव, खोलीतल्या हवेपेक्षा तो एक अंशही खाली जाणार नाही. खोली ४२ अंशांवर असेल, तर तुझा हिशेब ४२ पासून सुरू होतो.

त्या ४२ वर दोन थर चढतात. पहिला थर म्हणजे खोलीपेक्षा रेडिएटरमधलं पाणी किती तापतं. दुसरा, पाण्यापेक्षा प्रोसेसरची चकती, म्हणजे आतली सिलिकॉनची चिप, किती तापते. रेडिएटर मोठा केला की फक्त पहिला थर कमी होतो. समज, पहिला थर १० अंशांचा आहे आणि मोठा रेडिएटर घेऊन तू तो ७ वर आणलास. तीन अंश मिळाले. खिसा मात्र काही हजारांनी हलका झाला.

दुसरा थर या रायझन ७००० मालिकेत जाड आहे. ७७००एक्सचे आठही कोअर एका छोट्या चकतीत आहेत, सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या. करंगळीच्या नखाएवढीच जागा. त्यावर जाड धातूचं झाकण, मग उष्णता पुढे नेणारी पेस्ट, मग कूलरचा तळ. एवढ्याशा जागेतून शंभरेक वॅट बाहेर काढताना अडचण रेडिएटरची नसते, त्या नखाएवढ्या दरवाजाची असते. लग्नाच्या मांडवात जेवणाच्या पंगती कितीही वाढवल्या तरी आत यायची वाट एकच अरुंद असेल, तर गर्दी दारातच होणार. इथेही तसंच आहे.

म्हणून माझं पहिलं काम रेडिएटर निवडणं नसतं, वॅट कमी करणं असतं. ७७००एक्स कागदावर १०५ वॅटचा, पण कंपनीच्या मूळ सेटिंगमध्ये तो १४२ वॅटपर्यंत ओढतो. मित्राचा ७९००एक्स १७० वॅटचा म्हणवतो आणि २३० पर्यंत जातो. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, इको मोड आहे. त्यात ६५ वॅटचा पर्याय निवडला की मर्यादा ८८ वॅटवर येते, १०५ चा निवडला की १४२ वर. तुझा ८८ वर ठेव, मित्राचा १४२ वर. सगळ्या कोअरवर चालणारं लांब रेंडर (तयार दृश्यं काढायचं काम) थोडं मंदावेल, पण मंदावणं फारच कमी असतं, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठी हे प्रोसेसर वाजवीपेक्षा खूप जास्त वीज ओढतात. एडिटिंग, मॉडेलिंग, गेम यांत फरक जाणवणारही नाही. यात एक रुपयाही जात नाही, आणि हा उपाय कुठल्याही रेडिएटरपेक्षा मोठा आहे.

९५ अंशांचा आकडा पाहून घाबरू नकोस, हेही सांगून ठेवतो. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे आणि तो तिथे पोहोचला की आपोआप वेग कमी करतो. जळत नाही. पण तीन महिने रोज ९५ वर बसलेलं मशीन पंखे सतत पूर्ण वेगाने फिरवतं, आतली हवा तापवतं आणि बाजूचे भाग शिजवतं. मला काळजी त्या बाजूच्या भागांची असते.

आता तुझ्यापुरतं उत्तर. रेडिएटर घेऊच नकोस. एनआर२००मध्ये जाळीची बाजू लावली तर १५५ मिलिमीटर उंचीपर्यंतचा कूलर बसतो. १३५ मिलिमीटरच्या आसपासचा दुहेरी मनोऱ्याचा कूलर घे. थर्मलराईटचा पीअरलेस असॅसिन १२० मिनी १३५चाच आहे. ८८ वॅट त्याला सहज झेपतात. १५४-१५५चे मोठे भाऊही कागदावर बसतात, पण पंखा जाळीला जवळजवळ चिकटतो. मग जाळीच्या भोकांची शिट्टी वाजते आणि रात्री झोपेत ती ऐकू येते. वरचे वीस मिलिमीटर मोकळे राहिलेले बरे.

हवेच्या कूलरचा एक फायदा लोक विसरतात. त्याचा पंखा फक्त प्रोसेसरवर वारा घालत नाही, सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) आजूबाजूचे वीज पुरवणारे भाग आणि बोर्डावरची एनव्हीएमई एसएसडी यांनाही थोडी झुळूक मिळते. त्याऐवजी प्रोसेसरवर पाण्याचा ब्लॉक बसवला की तिथली हवा थांबते. खोली २५ अंशांची असेल तर चालून जातं. ४२ला ते भाग उघडे पडतात. कॅपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यात जुना ठोकताळा आहे, आणि दुरुस्तीला येणारे बोर्ड पाहता तो मला पटतो.

तळाला २४० हा तुझा पर्याय मी सरळ खोडतो. पहिलं कारण, ग्राफिक कार्डच्या पंख्यांना नेमकी तिथूनच हवा लागते. दुसरं जास्त महत्त्वाचं. रेडिएटर तळाला आणि पंप वर प्रोसेसरवर, म्हणजे पंप सगळ्यात उंच जागी. बंद नळीत थोडी हवा असतेच, वर्षागणिक थोडं पाणी नळीच्या रबरातून झिरपून जातं आणि हवा वाढते. ती हवा वर चढते आणि पंपात जाऊन बसते. मग सुरुवातीला गुळगुळ, नंतर खरखर, आणि शेवटी पंप कोरडा फिरून जातो. रेडिएटरचा वरचा काठ पंपापेक्षा उंच असलाच पाहिजे, म्हणजे हवा तिथे निवांत पडून राहते. बाजूला उभा लावत असशील आणि नळ्या पुरत असतील, तर नळ्यांचं टोक खाली ठेव.

बाजूला २८०चा पर्याय वाईट नाही. प्रोसेसर मोठा असता तर तोच सांगितला असता. २४०ची पुढची बाजू २८८ चौरस सेंटिमीटर, २८०ची ३९२, म्हणजे जवळपास ३६ टक्के जास्त. ३६०ची ४३२. लहान कॅबिनेटमध्ये २८० बसत असेल, तर तो ३६०च्या बराच जवळ जातो, आणि १४०चे पंखे हळू फिरूनही तेवढी हवा देतात. उद्या प्रोसेसर बदललास तर याचा विचार कर. तेव्हा पट्टी घेऊन आधी मोज. रेडिएटर नेहमीचा २७ आणि पंखा २५, मिळून ५२ मिलिमीटर. टोकाच्या टाकीला आणि नळ्यांच्या वळणाला आणखी जागा लागते. लहान मापाच्या एसएफएक्सऐवजी लांब एसएफएक्स-एल एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असेल तर तिथेच अडतं.

मित्राचं वेगळं. ११ लिटरमध्ये उंच मनोरा मावत नाही, त्याला २४० शिवाय मार्ग नाही. १४२ वॅटवर बांधला तर २४० पुरतो. रेडिएटर २७चाच घे. ३८चे जाड मिळतात, थंडही करतात, पण तिथे जाडी रेडिएटरला दिलीस की पंख्याला राहत नाही. जागा मोजकी असेल तर बारीक रेडिएटर आणि पूर्ण जाडीचा पंखा घ्यावा. उलटं करू नये.

याचा धडा मला एका गिऱ्हाइकाकडून मिळाला. पाचोऱ्याचे एक जण लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतात. त्यांना ११-१२ लिटरचं मशीन बनवून दिलं, आत जागा वाचवायची म्हणून १५ मिलिमीटरचे बारीक पंखे लावले. डिसेंबर होता. दुकानात तासभर लोड टाकून पाहिलं, ७६-७७ अंश, आवाज नाही, मी खूश. एप्रिलमध्ये, ऐन लगीनसराईत, त्यांचा फोन आला, ‘भो, मनं मशीन लई तपी ऱ्हायनं.’ जाऊन पाहिलं तर रेंडर लागलं की ९५, पंखे किंचाळताहेत आणि काम रांगेत अडकलेलं. त्यांचा हंगाम वाया जाण्याच्या बेतात होता आणि दोष माझा होता. डिसेंबरची दुकानातली हवा बावीसची, त्यांच्या खोलीतली चाळीसची. खोली जितके अंश चढते तितकेच प्रोसेसरही चढतो, हा साधा हिशेब मी केला नव्हता. पंखे २५चे बसतील असा साचा बदलून दिला. तेव्हापासून चाचणी करताना भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा आधी लिहितो. थंडीत २२ अंशांच्या खोलीत ७४ आला तर मेमध्ये ४२ला ९४ धरतो. तूही पुण्यात जानेवारीत चाचणी घेऊन निर्धास्त होऊ नकोस.

बारीक पंख्यात नेमकं काय कमी पडतं, ते आकड्यांतच बघ. नॉक्टुआचा १५ मिलिमीटरचा १२०चा पंखा मिनिटाला १८५० फेऱ्यांवर सुमारे ५५ सीएफएम (मिनिटाला तितके घनफूट हवा) देतो, २५ मिलिमीटरचा एनएफ-ए१२एक्स२५ २००० फेऱ्यांवर ६० सीएफएम. म्हणजे हवेत फारसा फरक नाही, आणि लोक इथेच फसतात. दाबाचा आकडा बघ. पहिल्याचा १.५३ मिलिमीटर पाण्याचा, दुसऱ्याचा २.३४. सीएफएमचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे रेडिएटरच्या पात्या, मागे जाळी, त्यावर धूळ आली की हवा ढकलायला दाबच लागतो.

घरचा कूलर आठव. नवीन वाळ्याची ताटी लावली की पंखा भरभरून हवा ओढतो. त्याच ताटीवर बोअरच्या पाण्याचा क्षार चढला की मोटार तीच, वेग तोच, पण वारा येत नाही. रेडिएटर म्हणजे पंख्यापुढची ताटीच. इंचात १६ पात्या असलेला मोकळा श्वास घेतो, २० च्या वरचा दाट रेडिएटर पंख्याकडून जोर मागतो. आपल्या धुळीत मी विरळ पात्यांचाच घेतो. दाट पात्यांचा नवा असताना एखादा अंश पुढे असतो आणि दोन महिन्यांनी मागे पडतो.

महागडाच पंखा हवा असंही नाही. आर्क्टिकचा पी१२ १८०० फेऱ्यांवर ५६ सीएफएम आणि २.२ मिलिमीटर दाब देतो आणि नॉक्टुआच्या तुलनेत खूपच स्वस्त पडतो. बऱ्याच मशीनमध्ये मी तोच घालतो. काही वेगांवर त्याचा थोडा गुंजारव येतो, तो टप्पा टाळून वेग लावला की झालं.

आता दिशा. यासाठी एक ठोकताळा सांगतो, कागदावर टिपून ठेव. आपल्या उन्हाळ्यातल्या हवेत एक सीएफएम हवा एक अंश तापायला साधारण अर्धा वॅट लागतो. म्हणून वॅटला खऱ्या सीएफएमने भागायचं आणि उत्तराची दुप्पट करायची. कॅबिनेटमधून जाणारी हवा तितके अंश तापणार. खरे सीएफएम म्हणजे जाळी, फिल्टर, वायरी यांतून जे पार होतात ते, खोक्यावर छापलेले नव्हेत. ते निम्मे धरलेस तरी फार चूक होणार नाही.

तुझं कार्ड २०० वॅटचं. ते आपली गरम हवा कॅबिनेटमध्ये सोडतं. आतून ५० सीएफएम वाहत असेल तर ती हवा ८ अंशांनी तापते. रेडिएटर वर बसवून आतली हवा त्यातून बाहेर काढलीस, तर रेडिएटरला ४२ची नव्हे, ५०ची हवा मिळते. उलट, रेडिएटरमधून बाहेरची ताजी हवा आत घेतलीस तर प्रोसेसर खूश, पण त्याचे १०० वॅट आत शिरतात आणि कार्डाला ४ अंश जास्त गरम हवा मिळते. म्हणून बाजूला २८० असेल तर मी तो आत घेणारा लावतो आणि वरून दोन पंखे बाहेर काढणारे. मित्राच्या कॅबिनेटमध्ये कार्ड पलीकडच्या कप्प्यात, स्वतःच्या जाळीतून ताजी हवा घेणारं. तिथे वरचा २४० बाहेर काढणारा ठेव, कारण कार्डाने सोडलेली उष्णता बाहेर जायला दुसरी मोठी वाट नाही. तरीही दोन्ही दिशा अर्धा-अर्धा तास चालवून, खोलीचा आकडा लिहून, प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींचे आकडे पडताळून बघा. गरम हवा आपोआप वर जाते म्हणून वरूनच काढली पाहिजे, या तर्कावर जाऊ नका. पंखा सुरू असताना तो ओढा नगण्य असतो.

रेडिएटरमधल्या पाण्याकडेही मित्राने लक्ष ठेवावं. बहुतेक एआयओसाठी (पंप, नळ्या, रेडिएटर एकत्र बंद येणाऱ्या कूलरसाठी) ६० अंश ही पाण्याची वरची मर्यादा धरतात. ४२ची खोली, ८ कार्डामुळे, वर १० रेडिएटरचे: ६० झालेच. पुण्यात हा आकडा कधी मनातही येणार नाही. सतत इतकं गरम पाणी पंपाच्या रबरी सीलला आणि नळ्यांना सोसत नाही, पाणीही लवकर आटतं. म्हणून त्याला १४२ची मर्यादा आणि कार्डाची वीजमर्यादा दोन्ही लावायला सांग. मे महिन्यात दुपारी लांब रेंडर असेल तर प्रोसेसर ८८ वर आणायचा, सप्टेंबरात परत १४२. बायॉसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

हवा खरंच कुठून जाते हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर देवघरातली उदबत्ती आण. खोलीतला पंखा बंद कर, मशीन सुरू कर आणि कॅबिनेटच्या प्रत्येक जाळीजवळून उदबत्ती सावकाश फिरव. धूर जिथे आत ओढला जातो ती आत येणारी वाट, जिथे उडून लांब जातो ती बाहेरची. आता रेडिएटरच्या कडेला, पत्रा आणि रेडिएटर यांच्या फटीपाशी धर. धूर तिथे आत वळला, तर पंखा रेडिएटरमधून न ओढता फटीतून ओढतोय. हार्डवेअरच्या दुकानात खिडकीला लावायची चिकट फोमची पट्टी मिळते, ती फटीत बसव. मागची गरम हवा फिरून पुन्हा आत शिरतेय का, हेही तिथेच दिसतं. कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या मशीनमध्ये ती हमखास शिरते. लहान कॅबिनेट टेबलावर, चारी बाजूंनी वीतभर मोकळं ठेव. भिंत पश्चिमेची असेल तर ती संध्याकाळी तव्यासारखी तापते, तिच्यापासून लांब.

तुझ्या एनआर२००मध्ये तळाला दोन पंखे आत घेणारे, वर दोन बाहेर काढणारे, आणि कूलरचा पंखा मागच्या बाजूकडे हवा फेकणारा. तळाशी कार्ड दोन स्लॉटचं असेल तर २५चे पंखे बसतात का ते मोज, कार्ड जाड असेल तर १५चे लाव. इथे बारीक पंखा चालतो, कारण त्याच्यापुढे रेडिएटरची भिंत नाही. तळाचे पंखे वरच्यांपेक्षा थोडे वेगात ठेव, म्हणजे आत दाब राहतो आणि धूळ फटींतून न येता फिल्टरमधून येते.

धुळीबद्दल थांबून लिहावं लागेल, कारण आपल्याकडची धूळ एका जातीची नाही. जिनिंगजवळच्या एका ऑफिसातलं मशीन मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे आलं होतं. तक्रार एकच, गरम होतं. बाहेरून स्वच्छ, पुसलेलं. पंख्यांचे चार स्क्रू सोडले, पंखा बाजूला केला, तर रेडिएटरवर रुईचा थर बसलेला. पांढरट करडा, दाबून बसलेला, घोंगडीसारखा. नखाने कोपरा उचलला आणि ओढला, तर पूर्ण २४०ची चादर अखंड सोलून हातात आली. उजेडाकडे धरली तर आरपार दिसत नव्हतं. पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या त्या फटीत बाहेरून ना ब्रश जातो ना नजर. ती चादर काढली, बाकी कशाला हात लावला नाही, पेस्टही तीच, आणि मशीन पूर्ववत झालं.

तेव्हापासून कापसाच्या गावांत मी पंखा रेडिएटरच्या पलीकडच्या बाजूला लावतो, ढकलण्याऐवजी ओढणारा. थंडाव्यात फरक जवळजवळ नाही. पण रुई रेडिएटरच्या उघड्या तोंडावर बसते, दिसते, आणि मऊ ब्रशने एका मिनिटात निघते. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांच्या वाऱ्यावर असलेल्या मशीनमध्ये तांबूस बारीक पूड असते, ती मात्र पात्यांच्या आत शिरते आणि ब्लोअरच लागतो. तो अंगणात जाऊन, नाकाला रुमाल बांधूनच मारावा.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव. मोकळा सोडलास तर तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर वापरू नकोस. त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि दाबाने रेडिएटरच्या पात्या आडव्या होतात. ही सफाई मार्च ते जून दर तीन आठवड्यांनी, एरवी दोन महिन्यांनी. फिल्टर धुतला तर पूर्ण वाळवूनच लाव.

घरातल्या कूलरसमोर मशीन ठेवू का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण रावेरला गेल्यावर पडणारच. खोलीत कूलर जरूर लाव. कोरड्या मे महिन्यात चांगली ताटी आणि उघडी खिडकी असेल तर खोली दहा अंशांनीही उतरते. दहा अंश देणारा रेडिएटर कुठल्याच दुकानात मिळत नाही. ओलाव्याने आत पाणी धरेल ही भीती नको. दव धरतं ते हवेपेक्षा बऱ्याच थंड वस्तूवर, आणि चालू मशीनचे सगळे भाग हवेपेक्षा गरमच असतात. पण थेट झोतात ठेवू नकोस. कूलर बारीक तुषार उडवतो, त्यात बोअरचा क्षार असतो, आणि ओली हवा धुळीचा चिखल करते. तो पात्यांवर वाळला की ब्रशने निघत नाही. झोत दुसऱ्या भिंतीकडे, मशीन बाजूला. जुलैत पाऊस लागला की कूलर निरुपयोगी होतो, पण तोवर पाराही उतरलेला असतो.

एसएमपीएस घेताना एकच बघ. त्याची पूर्ण क्षमता किती अंशांपर्यंत दिली आहे. काही ४० अंशांना देतात, चांगले ५० ला. लहान कॅबिनेटच्या आत मे महिन्यात ४० कधीच ओलांडलेले असतात.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या क्षणाक्षणाच्या तापमानाला बांधू नकोस. ब्राउझर उघडला की प्रोसेसर दोन सेकंद २० अंश उडी मारतो आणि पंखे उगाच ओरडतात. बायॉसमध्ये वेग वाढण्याआधीचा थांबा काही सेकंदांचा ठेव. मित्राच्या एआयओत पाण्याचं तापमान दिसत असेल तर पंखे त्याला जोडावेत, पंप मात्र एका स्थिर वेगावर. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट, पण वीज आठपट आणि आवाज असह्य. १३००-१४०० फेऱ्यांवर जे जमत नाही ते १८०० वरही फारसं जमत नाही, तेव्हा वॅट कमी करावेत.

सुट्या भागांचं, स्वतः पाणी भरायचं सर्किट या दोन्ही कॅबिनेटमध्ये करू नका. करायचंच झालं तर तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र नको, दोन धातू एका पाण्यात आले की एक दुसऱ्याला खातो. आणि नळाचं किंवा बोअरचं पाणी थेंबभरही नको.

राहिला प्रवास. तू मशीन महाराष्ट्र एक्स्प्रेसने आणतोस म्हणालास. दुहेरी मनोऱ्याचा कूलर जड असतो आणि बोर्डावर आडवा लोंबतो. रेल्वेच्या धक्क्यांनी सॉकेटवर ताण येतो. कॅबिनेट आडवं झोपव, बोर्ड खाली आणि मनोरा वर उभा राहील असं, आणि सीटखाली ठेव, वरच्या रॅकवर नको. जागा नसेल तर कूलर काढूनच घे. चार स्क्रूंचं काम आहे, फक्त पेस्टची छोटी ट्यूब आणि स्पिरिटचा बोळा पिशवीत ठेव. ग्राफिक कार्डही काढून त्याच्याच खोक्यात. मित्राच्या एआयओला ही अडचण नाही, पण प्रवासानंतर पहिल्यांदा सुरू करताना कॅबिनेट दोन-चारदा हळू तिरकं करायला सांग, म्हणजे पंपाकडे सरकलेली हवा परत रेडिएटरकडे जाईल. पहिला मिनिटभर गुळगुळ ऐकू येईल. पाच मिनिटांनंतरही ऐकू आली तर मशीन बंद करून मला कळव.